विश्लेषण : आखातातील भारतीय कामगार मानसोपचारांपासून दूर का राहतात?

कुवेतमधील मंगाफ येथे १२ जून २०२४ रोजी कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागली आणि किमान ४५ भारतीयांचा मृत्यू झाला. एका खोलीत किती जण राहत होते, सुरक्षेचे नियम कोणी मोडले, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. अशा खोल्यांत वर्षानुवर्षे राहणाऱ्यांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. आखातात मानसोपचारतज्ज्ञ नाहीत असे नाही. पण त्यांच्याकडे जाणे कामगाराला परवडत नाही आणि याचे कारण केवळ पैसा नाही.

आजार लपवण्याची सुरुवात कुठे होते?

भारतातच. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्याला व्हिसापूर्वी मान्यताप्राप्त केंद्रात वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. ‘अपात्र’ ठरवणाऱ्या आजारांच्या यादीत क्षयरोग आणि एचआयव्हीबरोबर मानसिक विकारही आहेत. क्षयरोग क्ष-किरण तपासणीत दिसतो. नैराश्य विचारल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय कळत नाही. मग ज्याने पूर्वी कधी उपचार घेतले आहेत तो ते सांगेल कशाला? सोबत गोळ्या नेण्याचीही त्याला धास्ती वाटते. विमानात बसण्यापूर्वीच उपचार तुटण्याची सोय या व्यवस्थेने करून ठेवली आहे.

ताण नेमका कशाचा असतो?

सर्वात आधी कर्जाचा. नोंदणीकृत भरती एजंटाने कामगाराकडून ३० हजार रुपयांपेक्षा अधिक सेवाशुल्क (कर वेगळा) घेऊ नये, असा नियम आहे. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट रक्कम उकळल्याच्या तक्रारी येतात. दागिने गहाण टाकून किंवा सावकाराकडून पैसे उचलून गेलेल्या माणसाला पहिली एक-दोन वर्षे फक्त फेडीसाठी राबावे लागते. त्यात पगार थकला, तर परत यायचीही सोय उरत नाही. रत्नागिरी, रायगडमधील ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांपासून कोणी ना कोणी आखातात आहे, तिथे फोनवरचे ‘इकडे सगळे ठीक आहे’ हे वाक्य किती गंभीरपणे घ्यायचे, हे बायकांना चांगलेच कळते.

घरकामासाठी गेलेल्या स्त्रियांची स्थिती आणखी बिकट. कामाची जागा आणि राहण्याची जागा एकच, त्यामुळे दवाखान्यात जायचे तरी मालकाला विचारूनच. तपासणीची सनद लागणाऱ्या पासपोर्टवर ३० वर्षांखालील महिलेला घरकामासाठी पाठवण्यास भारताने बंदी घातली आहे. पण भेटीच्या व्हिसावर गेलेली स्त्री कोणत्याच सरकारी नोंदीत सापडत नाही.

उपचार घेतल्यास नोकरी जाते का?

कायद्याने जाऊ नये. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२३ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेची हमी आहे. विशेष वैद्यकीय समितीच्या अहवालाशिवाय मानसिक आजाराच्या कारणावरून कामावरून काढता येत नाही, अशीही तरतूद आहे. मात्र निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. मालकाने कारण न देता करार पुढे वाढवलाच नाही, तर दाद कशाविरुद्ध मागणार? विम्याच्या कार्डावर काय नोंदले गेले ते कंपनीला कळेल, ही शंका कामगाराला दारातूनच मागे फिरवते.

दुसरी भीती कायद्याचीच आहे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचारांचा हक्क दिला. काही आखाती देशांत मात्र तो आजही गुन्हा ठरतो. ‘जगावेसे वाटत नाही’ हे डॉक्टरला सांगणे म्हणजे पोलिसांना सांगणे, असे समजणाऱ्या कामगाराला म्हणूनच अडाणी म्हणता येत नाही.

भाषेची अडचण किती?

हिंदी, उर्दू किंवा मल्याळम बोलणारे डॉक्टर आणि परिचारिका आखातात बऱ्यापैकी आहेत, पण मराठीत बोलायची वेळ आली तर पंचाईत. शिवाय माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणतच नाही. तो छातीत धडधडते, डोके जड होते, झोप लागत नाही, असे सांगतो. दहा मिनिटांच्या तपासणीत त्यावर वेदनाशामक गोळ्या मिळतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

सध्या मदत कुठे मिळते?

दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात कायदेविषयक सल्ल्याबरोबर समुपदेशनाचीही सोय आहे. रियाध, जेद्दा येथेही अशी केंद्रे आहेत. पगार, पासपोर्ट किंवा परतीबाबतची तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरचे लोकही नोंदवू शकतात. भारतातील नातेवाइकांना स्वतःसाठी किंवा परदेशातील माणसाशी कसे बोलावे हे विचारण्यासाठी ‘टेली-मानस’च्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. परदेशी निघण्यापूर्वीच्या एक दिवसाच्या सरकारी प्रशिक्षणातच ही माहिती आणि हे क्रमांक दिले, तर त्यासाठी वेगळा खर्चही येणार नाही.