गाडीच्या पोटाला पत्रा कसा निवडाल?



खडकाळ वाटेला बैल जुंपायचा, तर आपण आधी त्याच्या खुरांना पत्र्या मारून घेतो. पण पिकअप किंवा जीप दारात आली, की तिच्या पोटाकडे कोणी वाकून बघत नाही. घाटघर, हातविज, आहुपे, तळेघर या भागातल्या वाड्यावस्त्यांच्या वाटा काळ्या दगडांच्या. नारायणगाव, मंचरकडे रस्ते बरे, पण शेतापासून डांबरापर्यंतची पाणंद पावसात खचते. उन्हाळी टोमॅटोचे तोडे पाऊस लागला तरी चालूच असतात. चाकोरी खोल जाते, मधला वरंबा उंच राहतो, आणि गवतात दडलेला धोंडा चेंबरला लागतो.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची वाटी. ती फुटली की तेल बघता बघता वाहून जाते. तेलाचा लाल दिवा लागल्यावर "मार्केटपर्यंत तर जाऊ" म्हणून गाडी रेटली, की बेअरिंग जळते, इंजिन पकडते. चेंबर बदलणे हे एखाद्या दिवसाचे काम. इंजिन बांधायचे म्हणजे हंगामाची कमाई गेली. म्हणून दिवा लागताच जागच्या जागी इंजिन बंद करा.

आधी खाली वाकून बघा

गाडी नेहमीच्या मालाने भरा. सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा. मग चेंबर, गिअर बॉक्स आणि डिझेलची टाकी जमिनीपासून किती वर आहेत ते बाहेरूनच टेप धरून मोजा. रिकामी गाडी उंच दिसते. माल चढला की पाटे बसतात आणि पोट खाली येते. जुने ओरखडे कुठे आहेत, तेही बघा. मार कुठे बसतो हे ओरखडेच सांगतात. पत्रा तिथेच हवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

पत्रा कोणता घ्यावा?

काही गाड्यांना खालून प्लॅस्टिकचे झाकण येते. ते चिखल-पाणी अडवते, दगड अडवत नाही. दगडाच्या वाटेला 3 मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चांगला. 2 फूट बाय अडीच फूट पत्र्याचे वजन सुमारे 11 किलो भरते. चेपला तर ठोकून सरळ होतो, आणि गावातला वेल्डिंगवालाही तो दुरुस्त करू शकतो. तेवढाच 5 मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा सव्वासहा किलोच्या आसपास. तो गंजत नाही, पण महाग पडतो आणि त्याचे वेल्डिंग सगळीकडे होत नाही. "जाड तेवढा बरा" म्हणून 6 मिलिमीटरचे लोखंड लावू नका. ते 22 किलो होते. म्हणजे टोमॅटोचे एक भरलेले क्रेट कायम पुढे टांगल्यासारखे.

बसवताना काय बघावे?

1. पत्रा चासीला, असलेल्या भोकांतून पट्ट्या घेऊन नटबोल्टने बसवावा. इंजिनाला किंवा गिअर बॉक्सला बांधू नये. धक्का थेट त्यांनाच बसतो.
2. पत्रा आणि चेंबर यांत दोन बोटे जागा ठेवावी. पत्रा चेपला तरी चेंबरला टेकता कामा नये.
3. पुढची कड वर वळवावी, म्हणजे दगड अडकत नाही, सरकून जातो. बोल्टची डोकी खाली लोंबू देऊ नका.
4. तेल बदलण्यासाठी भोक आणि हवा खेळण्यासाठी फटी ठेवाव्यात, नाहीतर इंजिन तापेल.
5. गाडीवरच वेल्डिंग करायचे झाले, तर आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. डिझेलच्या टाकीजवळ वेल्डिंग करू नये.

पत्रा कुठे उपयोगी पडत नाही?

मागच्या डिफरन्शियलचा गोळा चाकांबरोबर वरखाली होतो. चासीला लावलेला पत्रा त्याला वाचवत नाही. तिथे ड्रायव्हरची नजरच कामाची. मोठा धोंडा दोन चाकांच्या मधे घेऊ नका. बाजूने काढा, नाहीतर सावकाश चाकच त्यावर चढवा. जागा अवघड असेल तर खाली उतरून बघण्यात कमीपणा नाही.

निगा

पावसाळ्यात आठवड्याला चिखल धुऊन काढा, नट आवळा. भाताचा पेंढा, सुके गवत पत्र्यावर साचून तापलेल्या सायलेन्सरला लागले तर गाडी पेटू शकते. ते लगेच काढा. आणखी एक गोष्ट. पत्रा लावल्यावर तेलाची गळती जमिनीवर चटकन दिसत नाही. म्हणून रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी, तेलाची पट्टी ओढून बघत जा.

तेव्हा मंडळी, पहिला मोठा पाऊस यायच्या आत एकदा गाडीखाली वाकाच. वाडीतली गाडी मालाइतकीच अडल्यानडल्याला आजारी माणसाला दवाखान्यात न्यायलाही लागते. ती वाटेत बसून चालत नाही.