चालक नेमका कुणाचा?

फीनिक्सच्या फेडरल कोर्टात ज्युरीने उबरला ८५ लाख डॉलर भरायला लावले, ही बातमी फेब्रुवारी २०२६ मध्ये सगळ्यांनी वाचली. मथळ्यात आली ती रक्कम. मला त्या निकालात महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. ज्युरीपुढे मुख्यतः तीन प्रश्न होते. कंपनीने हलगर्जीपणा केला का? उत्तर आले, नाही. ॲपमधली सुरक्षेची रचना सदोष होती का? तिथेही नाही. मग तिसरा प्रश्न: बलात्काराचा आरोप असलेला तो चालक प्रवासाच्या वेळी कंपनीचा प्रतिनिधी होता का? इथे ज्युरी म्हणाली, होय. या एका होकारावर कंपनी देणे लागली. दंडात्मक भरपाई ज्युरीने नाकारली आणि कंपनीने अपिलात जाणार असल्याचे सांगितले. तरीही या विषयातला सगळा कायदा ज्या खिळ्यावर टांगला आहे, तो खिळा आता सगळ्यांना दिसला आहे. चालक कुणाचा?

या निकालाशेजारी सप्टेंबर २०२५चा सॅन फ्रान्सिस्कोचा निकाल ठेवून पाहावा. तिथल्या राज्य न्यायालयात ज्युरीने कंपनीचा हलगर्जीपणा मान्य केला. पण त्या हलगर्जीपणामुळेच पीडितेला इजा झाली, हे काही मानले नाही. तिला एक डॉलरही मिळाला नाही. म्हणजे एका ज्युरीने दोष धरला आणि पैसे दिले नाहीत, दुसरीने दोष धरला नाही आणि पैसे दिले. फेडरल न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांच्यापुढे असे तीन हजारांहून अधिक दावे एकत्र केलेले आहेत आणि फीनिक्सचा खटला त्यांतला पहिला नमुना खटला होता. पुढच्या पीडितांचे वकील कोणत्या वाटेने जातील, हे आता सांगावे लागत नाही.

कंपन्यांचा बचाव पहिल्या दिवसापासून एकच आहे. आम्ही टॅक्सी चालवत नाही, आम्ही फक्त चालकाची आणि प्रवाशाची गाठ घालून देतो. चालक स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्यात जुन्या मालक-नोकर कायद्याची भर पडते. नोकराने काम करताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो, पण बलात्कार हा कुणाच्या कामाचा भाग कसा असेल? हा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालला. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोचे फेडरल न्यायाधीश मॅक्सिन चेस्नी यांनी दोन महिलांचे दावे सुरुवातीलाच फेटाळण्यास नकार दिला, तेव्हा त्याला पहिला ठळक तडा गेला. अनोळखी माणसाच्या बंद गाडीत प्रवाशाला एकटे बसवण्याचाच हा धंदा असेल, तर असा हल्ला कंपनीच्या कल्पनेपलीकडचा होता असे सरसकट म्हणता येणार नाही, असा त्या आदेशाचा रोख होता.

दुसरा अडथळा लवादाचा होता. ॲप उघडताना आपण न वाचता मान्य केलेल्या अटींमध्ये भांडण कोर्टात न नेण्याची अट असे. लैंगिक अत्याचाराच्या वैयक्तिक दाव्यांपुरती ती अट उबर आणि लिफ्ट या दोन्ही कंपन्यांनी मे २०१८ मध्ये सोडली आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने कायदाच करून अशी सक्ती मोडीत काढली. आज तिथे हजारो दावे उभे राहू शकतात, त्यामागे हे मोठे कारण आहे.

आणि कंपनीला काय काय माहीत होते? उबरने आपल्या सुरक्षा अहवालांत २०१७ ते २०२२ या काळातल्या गंभीर लैंगिक अत्याचाराच्या १२,५२२ तक्रारी जाहीर केल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे दाखवले की, त्याच काळात लैंगिक अत्याचार किंवा गैरवर्तनाच्या तक्रारी आलेल्या फेऱ्या ४,००,१८१ होत्या. यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश तक्रारी शेरेबाजीसारख्या कमी गंभीर होत्या आणि एकूण फेऱ्या ६३० कोटी होत्या, असे कंपनीचे म्हणणे. ते मान्य करू. पण रात्रीची वेळ, बारजवळून सुरू होणारा प्रवास, एकटी बाई, या गोष्टींनी धोका वाढतो हे कंपनीच्या स्वतःच्या अभ्यासातून तिला कळले होते, हेही त्याच वृत्तात आहे. धोका मोजता येत होता. ज्या बाईच्या वाट्याला तो येणार होता, तिला मात्र कुणी काही सांगितले नाही. मला हे अक्षम्य वाटते.

आता आपल्याकडे येऊ. ५ डिसेंबर २०१४ रोजी दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी महिलेवर केलेला बलात्कार वाचकांना आठवत असेल. आरोपी चालकावर पूर्वी बलात्काराचा खटला होऊन तो सुटलेला होता आणि त्याच्याकडचे पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र बनावट निघाले. फौजदारी यंत्रणा त्या वेळी झपाट्याने हलली. तेरा साक्षीदारांना पुन्हा बोलावण्याचा बचाव पक्षाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये बंद केला आणि नोव्हेंबरमध्ये जन्मठेप झाली. वर्षाच्या आत निकाल लागला. पण कंपनीचे काय? तिला पीडितेने कोर्टात खेचले ते कॅलिफोर्नियात, जानेवारी २०१५ मध्ये. त्याच वर्षी तडजोड झाली आणि चालक कुणाचा हा प्रश्न न्यायाधीशापुढे ठरायचा राहूनच गेला.

भारतात तो प्रश्न नेमकेपणाने विचारला तो बंगळूरच्या एका महिलेने. २०१८ मध्ये ओलाच्या टॅक्सीत चालक मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहत तिच्यासमोर हस्तमैथुन करत होता आणि सांगूनही गाडी थांबवत नव्हता. तिने कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार केली. समितीने हात वर केले: चालक आमचा कर्मचारी नाही. ती उच्च न्यायालयात गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्या. एम. जी. एस. कमल यांनी निकाल दिला की, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यापुरता हा चालक कर्मचारीच आहे. समितीने चौकशी करावी, कंपनीने पाच लाख रुपये भरपाई आणि पन्नास हजार खर्च द्यावा.

त्या कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. कायम, हंगामी, रोजंदारीवरचा, थेट नेमलेला किंवा कंत्राटदारामार्फत आलेला, पगार घेणारा किंवा न घेणारा, असे सगळे तिच्यात येतात. शिवाय तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असली पाहिजे, अशी अटही नाही. कायदे करणाऱ्यांनी हे जाळे जाणूनबुजून मोठे विणले होते. पण निकालानंतर चारच दिवसांत खंडपीठाने स्थगिती दिली. त्यामुळे आज कुणी वकील एकट्या या निकालावर विसंबून पीडितेला खात्री देत असेल, तर तिने दुसरा सल्ला घ्यावा.

मला स्वतःला याहून बळकट वाटतो तो पंचवीस वर्षांपूर्वीचा एक निकाल. टॅक्सीच्या संदर्भात तो फारसा कुणी काढत नाही, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक बांगलादेशी महिला अजमेरला जाण्यासाठी हावडा स्थानकात आली. तिचे तिकीट प्रतीक्षायादीत होते. मदतीचा बहाणा करून काही जणांनी तिला रेल्वेच्या यात्री निवासात नेले. खोली रेल्वेच्या पासवर घेतलेली होती आणि या लोकांत रेल्वेचे कर्मचारीही होते. तिथे तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कलकत्त्याच्या वकील चंद्रिमा दास यांनी तिच्या वतीने याचिका केली. रेल्वेचा बचाव आज ॲपवाल्यांच्या तोंडी असतो तोच होता: हे त्या माणसांचे वैयक्तिक कृत्य, त्यांच्या कामाशी संबंध नाही. २८ जानेवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि दहा लाखांची भरपाई कायम केली. रेल्वे व्यापारी उपक्रम चालवते, यात्री निवास त्याचाच भाग आहे, ते चालवायला तिने माणसे नेमली आहेत; तेव्हा त्यांच्या कृत्याची जबाबदारी तिच्यावर येते.

हा निकाल खासगी कंपनीला जसाच्या तसा लावता येत नाही. रेल्वे सरकारी म्हणून रिट याचिका चालली, आणि तिथे नोकर उघडपणे रेल्वेचेच होते. पण त्यातला तर्क टॅक्सीलाही लागू पडतो, असे माझे ठाम मत आहे. भाडे ॲप ठरवते. कोणता चालक यायचा ते ॲप ठरवते, पैसे ॲपच्या हिशेबात जातात, गुण कमी पडले की चालकाला ॲपच घरी बसवते. हात दाखवून थांबवलेल्या टॅक्सीत आपण निदान चालकाचा चेहरा पाहून बसतो. ॲपवर ती निवडही आपली नसते, कंपनीची असते.

हे म्हणणे चालकांच्या विरोधात नाही. बहुसंख्य चालक सचोटीने, बारा-चौदा तास राबणारे आहेत. ब्रिटनमध्ये उबरच्या चालकांनी आपण कंपनीचेच कामगार आहोत असे म्हणत लढा दिला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. चालकाला किमान वेतन द्यायचे असो वा प्रवाशाला भरपाई, कंपनीने "तो आमचा नाही" म्हणणे दोघांनाही सारखेच मारते.

मग आज पुण्यात किंवा ठाण्यात असा प्रसंग आलेल्या प्रवाशापुढे काय आहे? फौजदारी वाट सगळ्यांत पक्की. घटना कोणत्याही हद्दीत घडो, कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइनही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. अशा गंभीर गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायला नकार देणारा पोलीस अधिकारी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतः गुन्हेगार ठरतो. बलात्काराच्या प्रकरणात सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार करावेच लागतात. तपासणी पीडितेच्या संमतीने होते, आणि 'टू फिंगर टेस्ट' करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गैरवर्तनाचा दोषी ठरवले आहे. वकील परवडत नाही ही अडचण धरू नका. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. महाराष्ट्रात बलात्कार पीडितांसाठी मनोधैर्य योजनेत दहा लाखांपर्यंत अर्थसाहाय्य आहे. हे पैसे सरकारचे, कंपनीचे नव्हेत.

कंपनीला गाठायचे तर ग्राहक आयोग आहे. सेवेतील त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. अटींमधले लवादाचे कलम तिथे आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. चालकाची पडताळणी केली नव्हती, आधीच्या तक्रारी दाबल्या, धोक्याचे बटण चालले नाही, यांतले काहीही त्रुटीच.

हिंजवडीत किंवा ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. गाडी कार्यालयाने दिलेली असेल तर कायद्याने ती गाडी म्हणजेच कामाचे ठिकाण. तक्रार आपल्याच कंपनीच्या अंतर्गत समितीकडे, तीन महिन्यांत. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात एका बीपीओच्या कर्मचारी तरुणीला तिच्याच कार्यालयाच्या टॅक्सीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने मारले, ते हे शहर विसरलेले नाही.

कोणतीही वाट धरा, पुरावा पहिल्या काही तासांत जपावा लागतो. ॲप काढून टाकू नका. प्रवासाची नोंद, चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, नकाशावरचा मार्ग यांचे स्क्रीनशॉट घ्या. कंपनीला ईमेल करून त्या फेरीचा जीपीएस आणि कॉलच्या नोंदी नष्ट करू नका असे लेखी कळवा, आणि ती प्रत तपास अधिकाऱ्याला द्या. भाडे परत करून, चालकाला ॲपवरून काढल्याचे सांगून कंपनी प्रकरण मिटवू पाहील. तेवढ्यावर थांबू नका.

राहतो तो सरकारचा प्रश्न. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ खाली ॲप कंपन्यांना परवाना लागतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तशी आठवण करून द्यावी लागली, मार्च २०२४ मध्ये पुण्यात ओला-उबरचे अर्ज नाकारले गेले, जुलै २०२५ मध्ये केंद्राची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. पोलीस पडताळणी, प्रशिक्षण, धोक्याचे बटण हे सगळे आवश्यकच आहे. पण परवाना देणारे राज्य सरकार आहे आणि अटी घालण्याचा अधिकार त्याच्याच हातात आहे. परिवहन खात्याने परवान्यात एक अट घालावी: ॲपवरून ठरलेल्या प्रवासात चालकाने प्रवाशावर अत्याचार केल्यास, चालकाशी करार कोणताही असो, भरपाईची जबाबदारी कंपनीची राहील. ज्या कंपनीला ही अट मान्य नाही, तिला महाराष्ट्रात परवाना देऊ नये.