तेल्याला गाव ओलांडून कोण नेतं?

डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग. देशात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीत झाली. फळावर तेलकट डाग पडतात, मग साल तडकते आणि माल विक्रीतून बाद होतो. पावसाचे उडणारे थेंब व वारा जिवाणूला शेजारच्या झाडापर्यंत नेतात. जिल्हा ओलांडायला मात्र त्याला माणूस लागतो. रोगट बागेतली गुटी कलमं गाडीत भरून दूरवर जातात. छाटणीची टोळी तीच कात्री घेऊन पुढच्या बागेत शिरते.

गुटी कलम म्हणजे मातृवृक्षाची जनुकीय नक्कल. सोलापूर, सांगली, नाशिकमध्ये 'भगवा' वाणाच्या बागा एकसारख्या उभ्या राहिल्या आणि हा वाण तेल्याला सहज बळी पडतो. बाजाराला लालभडक दाणा हवा होता. त्या एकसुरी लागवडीची किंमत शेतकऱ्यानेच मोजली, हे अन्यायाचं आहे.

तेल्याला रोखायचं तर हे करा. पावसाळा सरताना फुलणारा हस्त बहार धरला तर फळं बरीचशी पावसातून सुटतात. कलमं घेण्याआधी मातृबाग स्वतः पाहा. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. आणि तेल्या दिसला, तर शेजारच्या बागायतदाराला त्याच दिवशी सांगा.