जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा

धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. दूरदर्शनवर सुपरहिरो ‘शक्तिमान’ आला त्याआधी, १३ सप्टेंबर १९९७ला. म्हणजे शहादा-तळोद्याची पोरं एक हात वर करून गरगर फिरायला लागली, तेव्हा ती कागदोपत्री धुळे जिल्ह्यातलीच होती!

शक्तिमान आणि ‘आज की आवाज’ या वृत्तपत्राचा वेंधळा फोटोग्राफर गंगाधर, दोघंही मुकेश खन्नाच. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे नाव न अडखळता म्हणणं ही खरी तोंडी परीक्षा. घरात अहिराणी, गुजरी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांनाही मालिकेची हिंदी आड आली नाही. पत्रकार गीता विश्वास आधी किटू गिडवानी होती, मग वैष्णवी महंत. खलनायक तमराज किल्विष मात्र सुरेंद्र पालच.

शक्तिमानची शक्ती योगसाधनेतून, जागृत कुंडलिनीतून आलेली. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’मधून चांगल्या सवयींचा डोस. मालिका २००५मध्ये संपली. एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ती पुन्हा दाखवली. त्यातली उड्डाणं आता अगदीच कच्ची वाटतात, किल्विषचा आवाज नाही.