सिकलसेल: २५ टक्क्यांचा खरा अर्थ

तर मंडळी, हमखास येणारा प्रश्न. आई-वडील दोघंही सिकलसेलचे वाहक असतील, तर बाळाला आजार होण्याची शक्यता किती? २५ टक्के. वाहक होण्याची ५०, आणि जनुक अजिबात न येण्याची २५.

गफलत इथेच होते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही! प्रत्येक गर्भधारणेला हिशोब नव्याने, नाणेफेकीसारखा.

मूळ बदल लहानसा: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो. तिथे हे गणित फक्त मार्कांचं नाही. लग्नाआधी दोघांनी तपासणी करायची, ती याचसाठी.