खडक आणि काच यांच्यामधला बोर्ड

मागच्या भागात आपण टाकीचा स्टँड आणि त्याची लेव्हल पाहिली. आज टाकीच्या आत उतरू. विषय आहे बेअर-बॉटम रीफ टाकी, म्हणजे तळाला वाळू न घातलेली खाऱ्या पाण्याची टाकी, आणि तिच्या तळावर अंथरायचा प्लॅस्टिकचा बेस बोर्ड.

आधी वाळू का टाळायची ते पाहू. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं वाळूत अडकून कुजतं, मग पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं. वाळू नसली की पंपाचा झोत जोरात ठेवता येतो, कारण उडायला काही नसतं. घाण एखाद्या कोपऱ्यात जमा होते आणि नळीने ओढून काढता येते. पण वाळू गेली की खडक थेट काचेवर येतो. बोर्डाचं काम इथे सुरू होतं.

थोडा हिशेब करू. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच अशी टाकी धरा. काठोकाठ भरली तर ३०० लीटर पाणी, म्हणजे ३०० किलोच्या वर वजन. पण पाणी ते वजन सगळ्या तळावर सारखं वाटून टाकतं. एका चौरस सेंटिमीटरवर साधारण ५० ग्रॅमच येतात. आता पाण्यात ६ किलो भरणारा एक खडक घ्या. तो तीन टोकांवर उभा आहे. एका टोकावर २ किलो, आणि टोकाची जागा जेमतेम पाव चौरस सेंटिमीटर. तिथला दाब झाला चौरस सेंटिमीटरला ८ किलो, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या १६० पट.

काच दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. वरून एका बिंदूवर भार आला की काच किंचित वाकते आणि तिच्या खालच्या बाजूला ताण येतो. तिथे आधीच एखादा बारीक ओरखडा असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. त्यात शंख, साळिंदरासारखे काटेवाले समुद्री अर्चिन किंवा साफसफाई करणारा आपलाच हात खडक हलवतो, आणि तो घसरून आपटला तर विचारायलाच नको. फ्लॅटमध्ये टाकी फुटली तर खारं पाणी विजेच्या बोर्डापर्यंत आणि खालच्या घराच्या छतापर्यंत जातं. आतले जीव तर तासाभराचेही सोबती राहत नाहीत.

फौजेत मॉर्टरच्या नळीखाली बेस प्लेट असते. ती नसेल तर प्रत्येक गोळ्याबरोबर नळी जमिनीत रुतत जाईल. आपल्या घरात फरशीवर पाटा ठेवताना खाली गोणपाट घालायचे, त्यामागेही हाच विचार. बेस बोर्ड भार वाटून देतो आणि धक्का थोडा पचवतो. तो काच मजबूत करत नाही. स्टँड वाकडा असेल किंवा काच मुळातच पातळ असेल, तर बोर्ड काहीही वाचवू शकत नाही.

आता सामान. सगळ्यात सोयीचं एचडीपीई. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायला जो पांढरा जाड बोर्ड असतो, तेच हे प्लॅस्टिक. पांढरं, अन्नासाठी चालणारं, नवीन मालाचं घ्या. रिसायकल केलेलं काळं, रंगीत घेऊ नका, त्यात काय मिसळलंय हे कुणी सांगू शकत नाही. जाडी ६ मिलिमीटर पुरते. दुकानदाराने भलतंच दिलंय का, हे बघायला एक तुकडा पाण्यात टाका. एचडीपीई तरंगतं, भरीव पीव्हीसी आणि ॲक्रिलिक बुडतं. ॲक्रिलिक चकाकतं छान, पण कडक असल्याने धक्का कमी पचवतं आणि पाणी शोषून पातळ शीट वाकू शकते.

माप घेताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, टाकीच्या कोपऱ्यांत आतून सिलिकॉनची गोलाई असते. बोर्डाची कड तिच्यावर घासली किंवा दाबली तर टाकीचा जोडच उचकटू शकतो. दुसरी, प्लॅस्टिक तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतं. दिल्लीच्या जानेवारीत १० अंशांवर कापलेला ११८ सेंटिमीटरचा एचडीपीई बोर्ड २६ अंशांच्या टाकीत गेला की अडीच-तीन मिलिमीटर वाढतो. काच त्या मानाने वाढतच नाही. म्हणून चारही बाजूंना किमान ५ मिलिमीटर, लांबीला १० मिलिमीटर जागा सोडा. तिसरी, वर काचेच्या आडव्या पट्ट्या असतील तर बोर्ड त्या तोंडातून आत जातो का, ते कापण्यापूर्वी बघा. जात नसेल तर दोन तुकडे करा आणि सांधा खडकाखाली न येता मोकळ्या जागी येऊ द्या.

कापून झाल्यावर कडा कानशीने गोल करा. बुरा पूर्णपणे धुऊन काढा, नाहीतर तो पंपात जाईल. मग टाकीचा तळ ओल्या फडक्याने पुसा आणि हाताने चाचपून बघा. बोर्डाखाली वाळूचा एक कण जरी राहिला तरी भार वाटण्याऐवजी आपण तो नेमका त्या कणावर आणून ठेवतो. सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची.

बोर्ड चिकटवायच्या भानगडीत पडू नका. सिलिकॉन एचडीपीईला नीट धरत नाही, आणि अर्धवट सुटलेल्या कडेखाली घाण कोंडून राहते. वजनाने दाबून ठेवणं पुरतं. आपला बोर्ड समुद्राच्या पाण्यात जेमतेम पाव किलोच्या जोराने वर येतो, त्याला दोन-तीन खडक भारी आहेत. म्हणून क्रम असा: कोरड्या टाकीत बोर्ड, त्यावर खडक, आणि मग एका टोकाकडून हळूहळू पाणी, म्हणजे खालची हवा दुसऱ्या टोकाने निघून जाईल. खडक बोर्डाला स्क्रूने बांधायचे असतील तर नायलॉनचे स्क्रू वापरा, आणि त्यांची डोकी खालून बोर्डाच्या आत बसवा. धातू खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

बारीक गाळ बोर्डाखाली जाणारच. पाणी बदलताना कडेच्या फटीत एअर पंपाची बारीक नळी घालून तो ओढून घ्या. बोर्ड एकदम उचलून सगळा गाळ पाण्यात उधळू नका, प्राणवायू नसलेल्या गाळात सल्फाइडसारखे घातक पदार्थ तयार झालेले असू शकतात. काही महिन्यांनी पांढऱ्या बोर्डावर जांभळट शेवाळाचा थर चढेल, तो चांगला. आणि वाळूत झोपणारे रास मासे किंवा वाळू चाळणारे गोबी अशा टाकीत आणू नका, त्यांना ती टाकी म्हणजे शिक्षाच.

शेवटचं. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवण असो, लक्षद्वीप असो की अंदमान, समुद्रातून प्रवाळ किंवा त्याचा खडक उचलणं गुन्हा आहे. सिरॅमिक किंवा सिमेंटचे बनवलेले खडक वापरा. जिवंत काही घेताना कागदपत्रं मागा, आणि शंका असेल तर वन खात्याला विचारा.

पुढच्या भागात पंपाचा झोत कुठे आणि किती, ते पाहू. तोवर तळ पुसून ठेवा. जय हिंद.