नागपूरजवळच्या अनोळखी तलावावर पहिल्यांदाच गळ टाकायला जाताय? मग आधी एवढं समजून घ्या

यूट्यूबवर मासेमारीचे व्हिडिओ बघत असाल तर क्रॅपी हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांमधला हा वीतभर मासा. तिकडची थंडी सरली आणि पाणी १५-१६ अंशांच्या वर गेलं की क्रॅपी अंडी घालायला काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. त्याच्यामागे गळवाले येतात आणि तिकडचा सीझन सुरू होतो.

आता तसाच बेत नागपुरात आखायचा म्हटलं तर?

क्रॅपी आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहेत रोहू, कटला, मृगळ, मरळ, सिप्रिनस आणि तिलापिया. त्यांचं कॅलेंडर वेगळं, आणि तलावावरचे नियमही वेगळे. त्यामुळे अमेरिकेतला प्लॅन जसाच्या तसा खिंडसीला नेला तर फसगत ठरलेली.

आपला सीझन कधी सुरू होतो?

रोहू, कटला आणि मृगळ अंडी घालतात ती पावसाळ्यात, नदीच्या वाहत्या पाण्यात. मरळही पावसाळ्यातच पिल्लं सांभाळत असते. म्हणून जून ते ऑगस्ट हा काळ हौशी माणसाने माशांसाठी सोडून द्यावा.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी कडक असते. माशाच्या शरीराचं तापमान पाण्यासोबत बदलतं, त्यामुळे गार पाण्यात तो सुस्तावतो आणि कमी खातो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारचा पारा तिशीकडे सरकतो, पाणी तापू लागतं आणि मासे खायला लागतात. होळीनंतर ऊन डोक्यावर येईपर्यंतचे हे चार आठवडे म्हणजे आपला सुरुवातीचा सीझन.

वेळेचं गणितही या दिवसांत उलटं असतं. मे महिन्यात पहाटे आणि संध्याकाळी मासा लागतो. फेब्रुवारीत मात्र काठाचं पाणी तापायला सकाळचे नऊ-दहा वाजतात. त्यामुळे अंधारात उठून धावपळ करायची गरज नाही.

तलावातला मासा कुणाचा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

रोहू आणि कटला बंद तलावात सहसा आपोआप वाढत नाहीत, कारण अंडी घालायला त्यांना वाहतं पाणी लागतं. मग तलावात ते येतात कुठून? तर मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली विकत आणून तलावात सोडली जाते. हा खर्च बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्था करते. संस्था तलाव ठेक्याने घेते, बीज सोडते, राखण करते आणि मासे मोठे झाले की विकते. विदर्भात या संस्थांमध्ये ढिवर समाजाची माणसं मोठ्या संख्येने आहेत. पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, यावर कितीतरी घरांची चूल पेटते.

थोडक्यात, तलावाची मालकी जलसंपदा विभागाची, जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असली, तरी मासेमारीचा हक्क बऱ्याचदा संस्थेकडे असतो. तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला म्हणजे कुणीतरी पैसे घालून वाढवलेलं पीक. न विचारता तो उचलणं आणि दुसऱ्याच्या वावरातली संत्री तोडणं यात फरक नाही.

म्हणून निघण्याआधी तलाव कुणाच्या ठेक्यात आहे ते शोधा. गावातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर हे कळतं. तिथे जमलं नाही तर नागपुरातल्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा. संस्थेच्या माणसाला गाठून चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: गळ टाकलेला चालेल का, कोणत्या काठावर, मासा नेता येईल का आणि नेला तर किलोमागे किती पैसे. "काका, जाळी कुठे लावली आहेत?" हेही विचारा. तुमच्या गळाने त्यांचं जाळं फाटलं तर दिवसाची सुरुवात भांडणाने होईल.

जंगलातलं पाणी सोडा

नकाशावर तोतलाडोहचा जलाशय बघून मोह होतो. पण तो पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. तिथे गळ घेऊन जाणं म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ओढवून घेणं.

याच जलाशयातल्या मासेमारीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मध्य प्रदेश सरकारने पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आधी राहणाऱ्या आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले होते. १९९७ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या पोटापाण्याचा विचार करून परवाने रद्द केले नाहीत, पण कडक अटी घातल्या. ज्यांचं आयुष्य त्या पाण्यावर गेलं त्यांच्यावरही इतकी बंधनं असतील, तर रविवारच्या हौसेला तिथे जागा कुठून असणार?

नवेगाव खैरीसारख्या जंगलाला लागून असलेल्या जलाशयांवरही हद्द कुठे सुरू होते ते वनविभागाला विचारूनच पाऊल टाका.

न पाहिलेला तलाव कसा वाचायचा?

समजा तुम्ही रामटेकजवळचा खिंडसी निवडला. नागपूरपासून साधारण ५० किलोमीटर. परवानगीचं बोलणं झालं. आता एवढ्या मोठ्या पाण्यात बसायचं कुठे?

इथे उपग्रहाचे फोटो कामी येतात. गूगल अर्थवर जुन्या तारखांचे फोटो बघता येतात. त्यातला मे महिन्याचा, पाणी आटलेला फोटो उघडा. एरवी पाण्याखाली असलेला नाला, खडकाची रांग, जुना बांध, झाडांचे बुंधे त्यात दिसतात. मासे अशाच आडोशाला थांबतात. जुन्या नाल्याचं खोल पाणी जिथे उथळ काठाला भिडतं, ती जागा नकाशावर खूण करून ठेवा.

तिथे पोहोचल्यावर लगेच गळ काढू नका. अर्धा तास काठाने फिरा. वारा कोणत्या बाजूला वाहतोय ते बघा, कारण तापलेलं वरचं पाणी आणि खाद्य वाऱ्यासोबत त्या काठाला जमतं. बगळे, पाणकावळे कुठे बसलेत ते बघा. त्यांचा अभ्यास आपल्यापेक्षा पक्का असतो.

गळाला काय लावायचं?

सामान साधं ठेवा. एक काठी, तंगूस, लहान-मोठे गळ, थोडं शिसं आणि तरंगायला बूच.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यामुळे गळ किती खोल सोडायचा हे मासा ठरवतो. रोहू-मृगळसाठी कणकेत ढेप किंवा भाजलेल्या चण्याचं पीठ मळून गोळी करतात. मरळ शिकारी आहे. ती हवा घ्यायला वर येते, म्हणून झाडोऱ्याजवळ बुडबुडे आणि हालचाल बघायची.

पण पहिल्याच खेपेला तिलापियावर हात बसवा. हा परदेशातून आलेला मासा तलावात स्वतःच भराभर वाढतो. लहान गळ आणि गांडूळ एवढ्यावर काठाजवळ लागतो.

कधी कधी गळाला कासव अडकतं. त्याला ओढू नका, तंगूस तोंडाजवळ कापा आणि पाण्यात सोडा. आपल्याकडचं झाकणी पाठीचं कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरी नेणं गुन्हा आहे.

मासा परत मिळेल, जीव नाही

या दिवसांत कालव्याला पाणी सुटतं आणि तलाव मागे सरकतो. उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय मांडीपर्यंत रुततो. पुढे काठी टेकवून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. कालव्याच्या दारापासून लांब बसा. एकटे जाऊ नका. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट गाडीत ठेवा, आणि कुठे जाताय, कधी परतणार हे घरी सांगून निघा.

आणि समजा, संध्याकाळपर्यंत काहीच लागलं नाही? अनोळखी तलावावर पहिल्या दिवशी बहुतेकांचं असंच होतं. संस्थेच्या माणसांकडून किलोभर ताजा रोहू विकत घ्या. घरचे खूश होतील, आणि पुढच्या वेळी कुठे बसायचं हे तीच माणसं तुम्हाला सांगतील.